जांघेतला हर्निया, वय ६४, स्टेंट आणि मधुमेह: उघडी शस्त्रक्रिया की दुर्बीण?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी विचारतोय. माहिती एकदमच देतो, म्हणजे उलटतपासणी नको.

वय ६४, वजन ६० किलो, निफाड तालुक्यात कांदा आणि थोडी द्राक्षं. उजव्या जांघेत सात-आठ महिन्यांपासून गाठ आहे. उभं राहिलं किंवा खोकलं की लिंबाएवढी होते, आडवं पडलं की आपोआप आत जाते. दुखणं फार नाही, पण संध्याकाळपर्यंत जांघेत ओढ लागते. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की जास्त.

बाकी दुखणी: मधुमेह (मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू, एचबीए१सी ८.४). १४ महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन एक स्टेंट टाकला, तेव्हापासून रक्त पातळ करायची कॅप्सूल रोज. रात्री तीन वेळा लघवीला उठतात. बिडी सुटली, मिश्री सुटलेली नाही.

सोनोग्राफीत उजवीकडे डायरेक्ट हर्निया (म्हणजे भिंत कमकुवत होऊन थेट पुढे आलेला), भोक २.२ सेंमी. डावीकडेही 'लहान हर्निया' लिहिलंय, पण बाहेरून काहीच दिसत नाही.

आता मतं. तालुक्याचे सर्जन म्हणतात उघडं ऑपरेशन, जाळी टाकून. नाशिकच्या एका खासगी ठिकाणी म्हणाले दुर्बिणीतून दोन्ही बाजू एकदम करू, आणि त्यांच्या जाहिरातीत 'लेझर' असंही आहे. भावकीचं म्हणणं पट्टा बांधा. गावात लेप देणारेही आहेतच.

माझे प्रश्न:
१) घाई आहे का? द्राक्षाचा हंगाम उरकून केलं तर चालेल?
२) उघडं की दुर्बीण?
३) रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय करायचं?
४) योजनेत बसतं का?

---

तालुका_सर्जन

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घाबरून किंवा घाबरवून घेतलेले निर्णय तिथेच चुकतात.

गाठ सहज आत जातेय, दुखणं कमी आहे, तर उद्याच धावायची गरज नाही. अमेरिकेत ७२० पुरुषांवर या प्रश्नाचा नीट अभ्यास झाला, २००६ साली छापून आला. ज्यांना फारसा त्रास नव्हता अशांना थांबवून ठेवलं, तर आतडं अडकून तातडीचं ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला दोनच्याही आत निघालं. पण त्याच लोकांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा दहा वर्षांत दर तिघांतल्या दोघांनी ऑपरेशन करून घेतलंच, बहुतेकांनी दुखणं वाढलं म्हणून. म्हणजे थांबणं सुरक्षित आहे, पण ऑपरेशन बहुधा टळत नाही, पुढे जातं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे दोन-तीन महिने मिळणं उलट फायद्याचं आहे. साखर, लघवी आणि मिश्री या तिन्हींचं काम त्यात उरकून घ्या.

हे थांबण्याचं गणित फक्त पुरुषांच्या जांघेतल्या, आत जाणाऱ्या गाठीला लागू आहे. बायकांच्या जांघेत गाठ असेल तर ती फीमोरल, म्हणजे जांघेच्या पट्टीखालून मांडीकडे उतरणारी, असण्याची शक्यता धरून चालतात. तिचं तोंड अरुंद असतं, आतडं लवकर आवळतं. तिथे वाट बघत नाहीत.

थांबायचं तर घरातल्या सगळ्यांना एवढं पाठ हवं: गाठ कडक झाली, दुखायला लागली, आडवं पडूनही आत जाईना, त्यावरची कातडी लालसर झाली, सोबत उलटी, पोट फुगणं, वारा न सरणं, यातलं काहीही दिसलं तर खाणं-पिणं बंद आणि १०८ ला फोन. गाठ दाबून आत ढकलायची नाही. आतडं काळं पडलेलं असेल आणि ते जोर लावून आत सारलं, तर बाहेरून गाठ गेलेली दिसते आणि आत पोटभर जंतुसंसर्ग होतो. हे रात्री दोनला झालं तर सकाळची वाट बघायची नाही, कारण आवळलेलं आतडं तासांच्या हिशोबानेच वाचतं.

लघवीकडे लोक दुर्लक्ष करतात. रात्री तीनदा उठणं म्हणजे प्रोस्टेटची तपासणी आधी. जोर करून लघवी करत असतील तर तोच जोर नव्या दुरुस्तीवर पडणार, शिवाय ऑपरेशनच्या रात्री लघवी तुंबून नळी घालायची वेळ येणार. सोनोग्राफी परत करायची झाली तर लघवी करून आल्यानंतर मूत्राशयात किती मिली उरते हे बघायला सांगा. १०० मिलीच्या वर असेल तर युरोलॉजिस्टला दाखवून औषध आधी सुरू करतात, हर्निया नंतर. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांचंही तेच.

डावीकडच्या 'लहान हर्निया'बद्दल: सोनोग्राफीत दिसतो पण उभं करून खोकायला लावल्यावर बोटाला लागत नाही, त्रासही नाही, तर उघड्या ऑपरेशनमध्ये त्या बाजूला हात लावायचं कारण नाही. हर्नियाचं निदान सर्जनच्या हाताने होतं. सोनोग्राफी शंका असेल तेव्हाची सोय आहे.

पद्धतीबद्दल माझं मत: ६४ वर्षं, स्टेंट, एकाच बाजूची गाठ, पहिलाच हर्निया. मी उघडंच सुचवेन, तेही शक्य असेल तर फक्त जागा बधिर करून.

---

दुर्बीणवाला

तालुका_सर्जन यांच्याशी बहुतांश सहमत. दुर्बिणीचं काम करणारा माणूस म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

दुर्बिणीतून म्हणजे टेप (पोटाच्या पोकळीत न शिरता, भिंतीच्या थरांतून) किंवा टॅप (पोटाच्या पोकळीतून). बेंबीजवळ एक १० मिमीचं आणि बहुधा ५ मिमीची दोन छिद्रं, आणि स्नायूंच्या मागच्या बाजूने किमान १० × १५ सेंमीची जाळी. हा माणूस दोन्ही बाजूंना उघड गाठी घेऊन आला असता, किंवा आधी उघडं ऑपरेशन होऊन हर्निया परत आला असता, तर मी दुर्बीणच म्हटलं असतं. सुरुवातीचं दुखणं कमी, कामावर लवकर परत आणि त्याच छिद्रांतून दोन्ही बाजू होतात. पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी पूर्ण भूल लागते, कार्बन डायऑक्साइडने जागा फुगवावी लागते, आणि झटका येऊन गेलेल्या हृदयाला तो जास्तीचा भार आहे. टूडी इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता चांगली असेल तर अशक्य नाही. पण एकाच बाजूसाठी एवढा भार कशाला?

ज्यांचं प्रोस्टेटचं पोट उघडून ऑपरेशन झालंय, बेंबीखाली मोठी जुनी शिवण आहे, किंवा हर्निया अंडकोषात उतरून नारळाएवढा झालाय, त्यांच्यात दुर्बिणीचा हट्ट महागात पडतो. आत सगळं चिकटलेलं असतं, मूत्राशय जवळ असतं.

आणि लेझर. हर्निया म्हणजे स्नायूच्या भिंतीतलं भोक. लेझर कापतो, जाळतो. त्याने भोक बुजत नाही. जाहिरातीत लेझर लिहिणारे आत गेल्यावर साधी दुर्बीण आणि साधी जाळीच वापरतात. त्यांना सरळ विचारा, 'लेझरने नेमकं काय करणार?' उत्तरात टाळाटाळ दिसली तर तिथून उठा. रोबोटचंही तसंच. साध्या जांघेच्या हर्नियात रोबोटने निकाल सुधारतो असं दिसलेलं नाही, बिल मात्र वाढतं.

सर्जन कसा निवडायचा, हा तुम्ही न विचारलेला पण खरा प्रश्न. टेप शिकायला कठीण आहे. हात बसायला ५० ते १०० ऑपरेशनं लागतात असं जागतिक मार्गदर्शक सूचनांतही मानलेलं आहे. तेव्हा पाटीवरच्या पदव्यांपेक्षा हे विचारा: महिन्याला जांघेचे किती हर्निया करता? त्यातले उघडे किती, दुर्बिणीचे किती? दुर्बिणीतून जमलं नाही तर तिथल्या तिथे उघडं कराल ना? ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की सहकारी? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. ज्याला दोन्ही पद्धती येतात तो माणसाप्रमाणे पद्धत निवडतो. ज्याला एकच येते तो सगळ्यांना तीच सांगतो, आणि त्यात वाईट हेतू असतोच असं नाही.

---

भूल_विभाग

तिसरा प्रश्न आमच्या खात्यातला. यात सगळ्यात जास्त गोंधळ घरी होतो, दवाखान्यात नाही.

स्टेंटनंतरची कॅप्सूल बहुधा दोन किंवा तीन औषधांची मिळून असते: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कधी कधी त्यातच कोलेस्टेरॉलचं औषध. पाकिटावर आधी नावं वाचा. 'रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद' असं कुणी सांगितलं आणि तुम्ही कॅप्सूलच बंद केली, तर अ‍ॅस्पिरिनही बंद होतं. स्टेंटवाल्या माणसात तेच नको असतं. कार्डिओलॉजिस्टने क्लोपिडोग्रेल थांबवायला लेखी परवानगी दिली की सुटी अ‍ॅस्पिरिन ७५ आणि कोलेस्टेरॉलची सुटी गोळी लिहून घ्यायची, क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या आधी ५ ते ७ दिवस बंद, अ‍ॅस्पिरिन चालू. झटक्यानंतर दोन्ही औषधं साधारण १२ महिने एकत्र देतात. तुमचे १४ झालेत, म्हणजे हा विषय कार्डिओलॉजिस्टकडे काढायची वेळ तशीही आलीच आहे. मात्र निर्णय त्यांचा. सर्जनचा नाही, माझा नाही, मेडिकलवाल्याचा तर नाहीच.

डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या आधी तीन दिवस बंद करतात. हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. उपाशी पोटी ती गोळी चालू राहिली तर रक्तात आम्ल साचतं आणि साखर मात्र जवळपास नॉर्मल दिसते, त्यामुळे उलट्या आणि धाप कशामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. मेटफॉर्मिन ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नको. बीपी-हृदयाची बीटा ब्लॉकर असेल तर ती सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, चुकवायची नाही.

एचबीए१सी ८.४ आहे, ८ च्या खाली आलं तर बरं. हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, आठवड्यात हलत नाही. म्हणून रोजची साखर बघा: उपाशीपोटी १४० च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आसपास. जाळी टाकायची असताना साखरेत हयगय नको, जखम चिघळली तर भोग जाळीला लागतात.

भूल कुठली? तीन पर्याय.

जागा बधिर करून: ६० किलोच्या माणसाला अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं लिग्नोकेन जास्तीत जास्त ४२० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं ४२ मिली. ते सलाइनने दुप्पट पातळ केलं की ८४ मिली हाताशी येतं, आणि या ऑपरेशनला पुरून उरतं. हृदयामुळे अ‍ॅड्रेनलिन टाळलं तर मर्यादा बरीच खाली येते, तेव्हा हिशोब नव्याने करावा लागतो. सर्जनला थर-थर बघून सुई द्यायची सवय हवी. सवय नसलेल्याने केलं तर पेशंट कण्हत राहतो आणि सगळे मिळून 'लोकल बेकार' म्हणतात. फायदा म्हणजे लघवी तुंबण्याचा धोका तिन्हींत सगळ्यात कमी आणि तासाभरात माणूस पायावर.

पाठीतून: आपल्याकडे हीच जास्त चालते. अ‍ॅस्पिरिन चालू असताना चालते, क्लोपिडोग्रेल चालू असताना नाही. मणक्यात रक्त साचलं तर पाय जाऊ शकतात. प्रोस्टेटवाल्यांना लघवी तुंबते ती बहुधा हिच्यानंतर. म्हणून सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवू नयेत, आणि पायात ताकद आली की उठवून उभ्यानेच लघवीला न्यावं. झोपून भांड्यात होत नाही.

पूर्ण भूल: दुर्बिणीसाठी.

उपास म्हणजे घन अन्न ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही नाही, असा छळ मधुमेहवाल्याचा करू नका. सकाळच्या यादीत पहिला नंबर मागून घ्या.

---

पाऊलवाट

एवढं सविस्तर कुणी समोर बसून सांगितलं नव्हतं. कॅप्सूल आत्ताच बघितली, तीन औषधं आहेत. कोलेस्टेरॉलचंही त्यातच आहे.

जाळीबद्दल बाबांच्या मनात भीती आहे. कुणीतरी सांगितलंय की ती आत सडते आणि शरीर बाहेर फेकतं. शिवाय पुण्यात बिनजाळीची पद्धत निघाली आहे असं ऐकलं. ती करावी का?

---

तालुका_सर्जन

जाळी पॉलिप्रॉपिलीनची असते. ती सडत नाही. काही आठवड्यांत तिच्या भोकांतून तुमचाच तंतू वाढतो आणि भिंत तयार होते. बाहेर 'फेकली जाते' असं लोक म्हणतात ते जंतुसंसर्गाबद्दल असतं. जांघेत तो क्वचित होतो, आणि होतो तेव्हा कारण साखर, तंबाखू किंवा ऑपरेशन थिएटरची स्वच्छता यांपैकी एक निघतं.

हर्निया परत येतो तो बसवण्यातल्या चुकीने. उघड्या पद्धतीत साधारण ७.५ × १५ सेंमीची जाळी घेतात आणि लागेल तशी कापतात. जाळी पुढे आकसते, हे धरून ती मोठीच ठेवायची. मधल्या बाजूला जांघेच्या हाडाच्या उंचवट्यावरून ती दीड-दोन सेंमी पुढे गेली पाहिजे. सगळ्यात जास्त हर्निया परत येतात ते याच कोपऱ्यातून, जाळी हाडाच्या काठाशीच संपवली म्हणून. टाका हाडाच्या वरच्या पडद्यात मात्र घ्यायचा नाही, नाहीतर तिथे कायमचं दुखत राहतं. खालची कड जांघेच्या पट्टीला २-० पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याने सलग शिवतात, वरची दोन-तीन सुट्या टाक्यांनी. बाहेरच्या टोकाला जाळी चिरून दोन शेपट्या करतात आणि वीर्यवाहिनीच्या दोरीभोवती एकावर एक घेतात. जाळी चादरीसारखी ताणून बसवायची नाही, थोडी सैल घुमटासारखी राहिली पाहिजे. माणूस उभा राहिल्यावर भिंत पुढे येते, तेव्हा ताणलेली जाळी टाक्यांना ओढते.

तिथून तीन नसा जातात. त्या ओळखून वाचवायच्या किंवा मध्येच येत असतील तर नीट कापायच्या. टाक्यात अडकवून ठेवणं सगळ्यात वाईट. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनीही दुखत राहतं अशांचं प्रमाण साधारण दहांत एक धरतात, रोजच्या कामात अडथळा येण्याइतकं दुखणारे त्याहून बरेच कमी. हा धोका ऑपरेशनच्या आधी तोंडाने सांगणारा सर्जन भेटला तर तो प्रामाणिक समजा.

पुण्याची पद्धत म्हणजे डॉ. मोहन देसर्डा यांची. २००१ च्या सुमारास त्यांनी ती मांडली. बाहेरच्या तिरक्या स्नायूच्या पांढऱ्या पडद्याची एक-दोन सेंमी रुंद पट्टी दोन्ही टोकांना जागेवरच जोडलेली ठेवून खाली वळवतात आणि कमकुवत भिंतीवर शिवतात. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर जाळीशी तुलना झाली, २०१२ साली छापून आली. तीन वर्षांपर्यंत निकाल जवळपास सारखे होते. पद्धत खरी आहे, फक्त दोन अटी आहेत. पडदा जाड आणि धडधाकट हवा, आणि करणाऱ्याने ती भरपूर केलेली हवी. साठीपुढचा डायरेक्ट हर्निया म्हणजे तिथलं तंतुमय ऊतकच विरविरीत झालेलं असतं. तो पडदा कसा आहे ते उघडल्यावरच कळतं. तुमच्या वडिलांना मी जाळीच सुचवेन. पंचविशीतला मुलगा असता तर बोलणं वेगळं झालं असतं.

जाळीच्या किमतीबद्दल एक विषयांतर, कारण ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड कापून, निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरायला सुरुवात केली, आणि २००३ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जनांचे निकाल एकत्र करून मांडले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर मच्छरदाणीची जाळी आणि कंपनीची जाळी यांची रीतसर तुलना झाली. २०१६ च्या त्या निकालात वर्षभराने दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. याचा अर्थ तुम्ही बाजारातून मच्छरदाणी न्यावी असा नाही. 'इम्पोर्टेड जाळी घेतली नाही तर परत होईल' असं काउंटरवर कुणी म्हणालं तर मात्र हे आठवा.

---

दुर्बीणवाला

किमतीचा विषय निघालाच आहे तर: दुर्बिणीच्या बिलात 'टॅकर' असा शब्द दिसला तर थांबून विचारा. जाळी हाडाला-स्नायूला टोचून बसवायचं ते एकदाच वापरायचं यंत्र असतं आणि अनेकदा जाळीपेक्षा महाग पडतं. टेपमध्ये बहुतेक वेळा जाळी टोचावी लागतच नाही, दोन थरांत दाबून बसते. मोठं डायरेक्ट भोक, साधारण ३ सेंमीपुढचं, असेल तर टोचण्याला अर्थ आहे. २.२ ला नाही.

---

योजना_काउंटर

चौथ्या प्रश्नाला उत्तर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण, कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. क्रम असा ठेवा:

आधी रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा. वडिलांचं नाव एकावर 'विठ्ठल' आणि दुसऱ्यावर 'विठ्ठलराव' एवढ्यावरही फाइल अडते. दुरुस्ती तहसीलमध्ये वेळ खाते, म्हणून ती ऑपरेशन ठरायच्या आधी. आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर तेही काढून घ्या.

मग योजनेतल्या रुग्णालयात जाऊन आधी आरोग्यमित्राला (योजनेचा तिथे बसणारा मदतनीस) भेटा, डॉक्टरांना नंतर. त्याला दोनच प्रश्न: हे ऑपरेशन या रुग्णालयाला योजनेत मंजूर आहे का, आणि ते फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव शस्त्रक्रियांत येतं का? काही शस्त्रक्रिया तशा राखीव आहेत, त्या खासगी रुग्णालय योजनेत असूनही तिथे होत नाहीत. तसं निघालं तर नाशिकचं जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं उपजिल्हा रुग्णालय गाठा, जांघेचा हर्निया हे तिथल्या सर्जनचं नेहमीचं काम आहे.

ऑनलाइन पूर्वमंजुरी आल्याशिवाय भरती होऊ नका. तातडीचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मंजुरी फोनवरूनही घेतली जाते. योजनेत जाळीचे वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार करा.

खासगी विमा असेल तर पॉलिसीत 'ठरावीक आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ' शोधा. हर्निया त्या यादीत जवळपास नेहमी असतो, आणि काळ बहुधा २४ महिने. पहिल्या कागदावर डॉक्टरांनी 'दोन वर्षांपासून गाठ' असं लिहिलं आणि पॉलिसी दीड वर्षाची असेल, तर दावा तिथेच संपतो. म्हणून इतिहास सांगताना जे खरं ते नेमकं सांगा. अंदाजे 'एक-दोन वर्षं' असं तोंडातून जातं आणि तेच कागदावर चढतं.

रोख भरणार असाल तर अंदाजपत्रक एका आकड्यात घेऊ नका. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, जाळी, औषधं असं फोडून लिहून घ्या. आणि जाळीच्या पाकिटावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. त्यावर प्रकार, आकार आणि बॅच नंबर असतो. पाच वर्षांनी दुसऱ्या सर्जनकडे जायची वेळ आली तर तो आधी तेच विचारेल.

---

कोथिंबीर

धागा वाचतेय. मध्येच विचारते, आमच्या आठ महिन्यांच्या बाळाची बेंबी फुगते. सासूबाई रुपया ठेवून पट्टी बांधा म्हणतात. बांधू का?

तालुका_सर्जन

नको, ताई. बाळाच्या बेंबीचा हर्निया बहुतेक वेळा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजतो. रुपयाने लवकर बुजत नाही, खालची कातडी मात्र ओली राहून चिघळते. पण बाळाच्या जांघेत गाठ दिसली तर ती आपोआप जात नाही. तिथे वाट न बघता बालशल्यचिकित्सक गाठा. त्या ऑपरेशनमध्ये जाळी लागत नाही.

---

पाऊलवाट

पट्ट्याबद्दल कुणीच बोललं नाही. हंगाम उरकेपर्यंत तो बांधला तर?

दुर्बीणवाला

पट्टा म्हणजे फुटलेल्या बांधावर हात धरून उभं राहणं, हात काढला की पाणी सुरू. भोक त्याने भरत नाही, लेपानेही नाही, पोटात घ्यायच्या कुठल्याही औषधाने नाही. ज्यांना कुठलीच भूल झेपणार नाही अशांसाठी त्याचा उपयोग. तरी वापरायचाच झाला तर सकाळी अंथरुणातच, गाठ पूर्ण आत गेल्यावर, झोपूनच बांधायचा. गाठ बाहेर असताना वरून आवळला तर आतडं पट्ट्याखाली चेंगरतं. वर्षानुवर्षं बांधला तर खालचे थर चिकटून पुढचं ऑपरेशन अवघड होतं. दोन महिन्यांसाठी पट्टा घेण्यापेक्षा पंप दुसऱ्याच्या पाठीवर द्या.

---

वॉर्ड_सिस्टर

ऑपरेशननंतरचं मी लिहिते, कारण डिस्चार्जच्या वेळी घाईत हेच राहतं आणि मग रात्री फोन येतात.

आधी दुखण्याच्या गोळ्या. स्टेंट असलेल्या माणसाला डायक्लोफिनॅक नको, ना गोळी ना इंजेक्शन. आयब्युप्रोफेनही नको, ते अ‍ॅस्पिरिनच्या कामात आडवं येतं. गावाकडे दुखतंय म्हटलं की डायक्लोचं इंजेक्शन ठरलेलं असतं, म्हणून सोबतच्या माणसाने हे आधीच सांगून ठेवायचं. पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चार वेळा, पहिले तीन दिवस घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता. एवढं बहुतेकांना पुरतं. ट्रॅमाडॉल दिलं तर बद्धकोष्ठ होतं, त्याच्यासोबत रात्री लॅक्टुलोज १५ ते २० मिली किंवा पेलाभर पाण्यात दोन चमचे इसबगोल सुरू करा.

संध्याकाळी उठून चालायचं. अंथरुणातून उठताना सरळ पोटाच्या जोरावर नाही, कुशीवर वळून हाताचा टेकू घेऊन. खोकला आला तर तळहात जखमेवर धरून खोकायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडकोष आणि लिंग निळं-जांभळं दिसतं, सुजतं. घरातले घाबरतात. रक्त खाली उतरून तिथे साठलेलं असतं, दोन-तीन आठवड्यांत रंग जातो. लंगोट किंवा सपोर्टर घट्ट बांधून अंडकोष वर धरून ठेवा, बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं. मात्र अंडकोष दगडासारखा कडक आणि फार दुखरा झाला तर त्याच दिवशी दाखवा.

आठ-दहा दिवसांनी जुन्याच जागी पुन्हा गाठ लागते, दुर्बिणीनंतर तर बऱ्याचदा. लगेच 'ऑपरेशन फेल' म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे पळू नका. बहुतेकदा ते साचलेलं पाणी असतं. खोकल्यावर ते मोठं होत नाही, झोपल्यावर आत जात नाही. दीड-दोन महिन्यांत जिरतं. कुणी सुई घालून काढतो म्हणाला तर सर्जनला विचारल्याशिवाय नको, जंतू जाळीपर्यंत जायला तीच वाट मिळते.

जखमेखालची कातडी बधिर राहते, काही महिने किंवा कायमची थोडीशी. आंघोळ ४८ तासांनंतर, जखम घासायची नाही, टिपून कोरडी करायची. हळद, राख, कुठलीच पावडर नाही. ताप, पू, जखमेभोवती वाढत जाणारी लाली किंवा सहा-आठ तास लघवीच नाही, तर फोन नको, थेट या.

---

पाऊलवाट

शेवटचं. शेतातली कामं कधी? ते पंधराव्या दिवशी ट्रॅक्टरवर बसणार, हे मला आत्ताच दिसतंय.

फिजिओ_सांगली

आता महिनोन्‌महिने पडून राहायला कुणी सांगत नाही. दुखलं की थांबायचं, नाही दुखलं तर करायचं, हाच नियम. शेतकऱ्यासाठी फोड करून सांगतो.

घरातली हालचाल, जिना, भारतीय पद्धतीचा संडास पहिल्या दिवसापासून चालेल. बांधावर फेरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मोटरसायकल दहा-चौदा दिवसांनी, तेही उभ्या गाडीवर बसून ब्रेक जोरात दाबून बघायचा, जांघेत कळ आली तर अजून आठवडा. किक मारायची गाडी असेल तर किक दुसऱ्याने मारावी. ट्रॅक्टरचा क्लच आणि नांगरटीतले धक्के तीन आठवड्यांआधी नकोत, रस्त्यावरून ट्रॉली नेणं त्याच्या थोडं आधी चालेल. फवारणीचा पंप: २० लिटर पाणी आणि वर पंपाचं वजन म्हणजे २५ किलोच्या आसपास, आणि तो जमिनीवरून पाठीवर घेताना जो झटका बसतो तो सगळा जांघेत उतरतो. सहा आठवडे नाही. नंतरही पंप कट्ट्यावर ठेवून भरायचा आणि तिथूनच पाठीवर घ्यायचा. कांद्याची ५० किलोची गोणी दोघांनी उचलायची, आणि श्वास कोंडून नाही, उचलताना श्वास सोडायचा.

आणि मिश्री ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे बंद. ती सुटत नसेल तर तारीख पुढे ढकला.